पाणबुडीतली अणुभट्टी आणि ॲडमिरल रिकोव्हर

करोजन म्हटलं की आपल्याला आठवतो तो मटेरियल सायन्सच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न आणि होस्टेलच्या खिडकीचे गंजलेले गज. लोखंड, हवा आणि ओलावा एकत्र आले की झाला गंज. व्हायवाला एवढं सांगितलं तरी बहुतेक वेळा सुटका होते. पण जिथे पाण्याचा थेंब नाही, हवा नाही, अशा बंद पाइपातसुद्धा स्टील खाल्लं जातं. पाइपातून वितळलेला धातू किंवा वितळलेले क्षार वाहत असतील तर तो पाइप आतून हळूहळू विरघळतो, पोखरला जातो किंवा तडकतो. पुस्तकात हा विषय अर्ध्या पानात संपतो. प्रत्यक्षात मात्र अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांच्या पोटात काय वाहणार हे ठरवताना पाइपाचा हाच प्रश्न आडवा आला, आणि त्या निर्णयाचा परिणाम पुढे जगभरच्या अणुवीज केंद्रांवर झाला. तो निर्णय घेणारा माणूस म्हणजे ॲडमिरल हायमन रिकोव्हर. अमेरिकेच्या अणुनौदलाचे जनक म्हणून जग त्यांना ओळखतं. आपण त्यांची ओळख जरा आपल्या बाजूने, म्हणजे इंजिनिअरच्या नजरेने, करून घेऊ.

नौदलाच्या नोंदीप्रमाणे रिकोव्हर यांचा जन्म २७ जानेवारी १९०० चा. पोलंडमधलं माकूव्ह हे त्यांचं गाव तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होतं. घर ज्यू, वडील शिंपी. त्या काळात रशियाच्या राज्यात ज्यू लोकांवर हल्ले व्हायचे, म्हणून वडील आधी अमेरिकेला गेले आणि मग त्यांनी कुटुंबाला बोलावून घेतलं. शेवटी सगळे शिकागोला स्थायिक झाले. पैशाची कायमची चणचण. छोटा हायमन लहानपणापासून काही ना काही काम करायचा. हायस्कूलमध्ये असताना तो तार पोचवणाऱ्या पोऱ्याचं काम करत होता. याच कामामुळे तिथले काँग्रेस सदस्य ॲडॉल्फ साबाथ यांच्याशी त्याची ओळख झाली आणि त्यांच्या शिफारशीने १९१८ मध्ये त्याला ॲनापोलिसच्या नेव्हल ॲकॅडमीत प्रवेश मिळाला. तिथलं शिक्षण फुकट होतं. ते नसतं तर कॉलेज परवडणं कठीणच होतं.

ॲनापोलिसला रिकोव्हर कुणात फारसे मिसळले नाहीत. खेळ नाही, पार्ट्या नाहीत, फक्त अभ्यास. तरीही १९२२ मध्ये बाहेर पडताना ५४० जणांमध्ये त्यांचा नंबर १०७ वा होता. म्हणजे टॉपर वगैरे काही नव्हे. आपल्यापैकी अनेकांना हे वाचून बरं वाटेल! पुढे त्यांनी कोलंबिया युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स केलं. रूथ मास्टर्स या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्यार्थिनीची तिथेच ओळख झाली आणि १९३१ मध्ये दोघांनी लग्न केलं.

१९२९ ते १९३३ या काळात ते पाणबुड्यांवर होते. त्या वेळची पाणबुडी म्हणजे खरं तर पाण्यावर चालणारी आणि गरज पडली तर थोडा वेळ बुडी मारणारी बोट. वर असताना डिझेल इंजिन, खाली गेल्यावर बॅटरी. बॅटरी उतरली की वर या, इंजिन चालू करा, चार्ज करा. रिकोव्हर ज्या एस-४८ बोटीवर होते ती तर सतत बिघडायची. तिच्या बॅटरीला एकदा आग लागली तेव्हा ते स्वतः धुरात शिरले आणि त्यांनी ती विझवली. बंद नळकांड्यात चाळीसेक माणसं आणि एक बिघडणारं यंत्र एकत्र असलं की काय होतं, हे त्यांनी असं जवळून पाहिलं होतं. पुढच्या सगळ्या निर्णयांमागे हा अनुभव होता असं मला वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात ते वॉशिंग्टनमध्ये नौदलाच्या जहाजबांधणी विभागात इलेक्ट्रिकल सेक्शनचे प्रमुख होते. जहाजाजवळ स्फोट झाला की स्विचगिअर आपोआप उघडायचे, केबलमधून पाणी शिरायचं. अशा तक्रारी टेबलावर बसून सोडवण्यापेक्षा ते खराब झालेलं जहाज स्वतः जाऊन बघायचे. मालाची तपासणी कडक. कंत्राटदारांना ते नकोसे झाले होते, पण त्यांच्या हाताखालून गेलेला माल चालायचा.

१९४६ मध्ये नौदलाने काही अधिकाऱ्यांना टेनेसीतल्या ओक रिजला अणुविज्ञान शिकायला पाठवलं. त्यात रिकोव्हर होते. वय ४६, पद कॅप्टन, म्हणजे खरं तर रिटायरमेंटचा विचार करायचं वय. इथे ते पुन्हा विद्यार्थी झाले. आपल्या गटाला त्यांनी लेक्चरला बसवलं, जे दिसेल त्यावर रिपोर्ट लिहायला लावले. बाहेर पडताना त्यांचं मत पक्कं झालं होतं. अणुभट्टीला हवा लागत नाही, बॅटरी चार्ज करावी लागत नाही, म्हणजे पाणबुडी महिनोन् महिने पाण्याखाली राहू शकते. खरी पाणबुडी हीच!

वरिष्ठांना मात्र घाई नव्हती. सुरुवातीला रिकोव्हर यांना जे ऑफिस मिळालं ते आधीचं लेडीज टॉयलेट होतं. १९४९ पर्यंत त्यांनी अशी व्यवस्था करून घेतली की नौदल आणि अणुऊर्जा आयोग दोन्हीकडे पाणबुडी-भट्टीचं काम त्यांच्याच हातात. एका खुर्चीत बसून मागणीचं पत्र लिहायचं आणि दुसऱ्या खुर्चीत बसून ते स्वतःच मंजूर करायचं!

आता खरा प्रश्न समोर आला. अणुभट्टीत उष्णता तयार होते. ती बाहेर काढून वाफ करायची आणि वाफेवर टर्बाइन फिरवायचं. मग भट्टीतून ही उष्णता आणणार कोण? म्हणजे कूलंट कोणता?

एक उमेदवार होता साधं पाणी. पाण्याची सगळी वर्तणूक माहीत होती. पण ३०० अंशांच्या आसपास ते उकळू नये म्हणून वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त दाब द्यावा लागतो. म्हणजे जाड पोलादी भांडं, जाड पाइप, आणि तरीही मिळणारी वाफ बेताचीच गरम.

दुसरा उमेदवार होता वितळलेला सोडियम. कागदावर तो फारच देखणा. ९८ अंशांना वितळतो आणि ८८३ अंशांना उकळतो, म्हणजे मधल्या भल्यामोठ्या पट्ट्यात दाबाशिवाय द्रव राहतो. उष्णता वाहून नेण्यात गरम पाण्यापेक्षा शंभरपट सरस. त्याच्यापासून भरपूर गरम, म्हणजे सुपरहीटेड, वाफ मिळते. थर्मोडायनॅमिक्स शिकलेल्या कुणालाही विचारा, तो सोडियमलाच मत देईल.

पण थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात पाइप ही फक्त एक रेघ असते. प्रत्यक्षात ती रेघ कशाची तरी बनवावी लागते, आणि गरम द्रव त्या रेघेशी काय करतो हे वर्षानुवर्षं बघावं लागतं. वितळलेल्या धातूतला गंज हा आपल्या नेहमीच्या गंजासारखा नसतो. तिथे मुख्य काम असतं विरघळण्याचं. पाकाचं उदाहरण घ्या. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते. पाक थंड झाला की तीच साखर कडेला खडे होऊन बसते. तसंच, बंद चक्रात वितळलेला धातू फिरत असेल तर तो गरम भागातल्या पाइपामधून निकेल, क्रोमियम, लोखंड असे धातू थोडे थोडे उचलतो आणि थंड भागात नेऊन टाकतो. गरम बाजूचा पाइप पातळ होत जातो, थंड बाजूचा तुंबत जातो. चक्र थांबत नाही, म्हणून हा उद्योगही थांबत नाही.

सोडियमची गंमत अशी की तो शुद्ध असेल तर स्टेनलेस स्टीलशी तसा बराच सभ्यपणे वागतो. त्यात ऑक्सिजन मिसळला की तो बिघडतो. म्हणून ऑक्सिजन दहा लाख भागांत काही मोजक्याच भागांइतका ठेवावा लागतो. सोडियमचा थोडा प्रवाह बाजूला नेऊन थंड करायचा, म्हणजे ऑक्साइड तिथे गोठून अडकतं, अशी युक्ती वापरतात. पण खरी भीती वेगळीच. सोडियमची उष्णता शेवटी पाण्यालाच द्यायची असते. मध्ये असते ती फक्त हीट एक्स्चेंजरच्या नळीची भिंत. त्या भिंतीत बारीकसं छिद्र पडलं तरी सोडियम आणि पाणी भेटतात. हायड्रोजन निघतो, उष्णता निघते आणि तयार होतो कॉस्टिक सोडा. गरम, दाट कॉस्टिक सोडा आणि वेल्डिंगमुळे आधीच ताणात असलेलं स्टेनलेस स्टील एकत्र आलं की स्टीलला बारीक तडे जायला लागतात. याला स्ट्रेस करोजन क्रॅकिंग म्हणतात. बाहेरून पाइप चकचकीत दिसतो, पण आत तडा पुढे सरकत असतो.

ओक रिजचे शास्त्रज्ञ ॲल्विन वाइनबर्ग यांनी पाणबुडीसाठी दाबाखालच्या पाण्याची बाजू घेतली होती. रिकोव्हर यांचाही कल तिकडेच होता. तरीपण त्यांनी सोडियमला नाही म्हटलं नाही. दोन्ही रस्ते एकाच वेळी चालायचे असं त्यांनी ठरवलं. वेस्टिंगहाउसकडे पाण्याची भट्टी, जनरल इलेक्ट्रिककडे सोडियमची. दोन्हींचे जमिनीवरचे नमुने आणि दोन्हींच्या खऱ्याखुऱ्या पाणबुड्या. आज कुणी म्हणेल की हा दुप्पट खर्च. पण कोणता पाइप टिकेल हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं.

पाणी निवडलं म्हणून मटेरियलचा प्रश्न संपला असंही नव्हतं. इंधनाच्या कांड्यांना असं आवरण हवं होतं जे गरम पाण्यात गंजणार नाही आणि न्यूट्रॉनही गिळणार नाही. त्यासाठी त्यांनी झिर्कोनियम निवडलं. तेव्हा हा धातू प्रयोगशाळेतच थोडाफार मिळायचा. शिवाय त्यात नेहमी हाफ्नियम मिसळलेलं असतं आणि ते न्यूट्रॉन भरपूर गिळतं. दोघे जुळ्या भावांसारखे, रसायनशास्त्राने वेगळे करणं महाकठीण. रिकोव्हर यांनी हा सगळा उद्योग जवळजवळ शून्यातून उभा केला. हाफ्नियम वेगळं काढलं आणि तेच कंट्रोल रॉडसाठी वापरलं! मग झिर्कोनियममध्ये कथिल आणि अगदी थोडं लोखंड, क्रोमियम, निकेल घालून झिर्कॅलॉय-२ हा मिश्रधातू तयार झाला. आपल्या महाराष्ट्रातल्या तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालेल्या भट्ट्यांमध्ये इंधनाचं आवरण याच झिर्कॅलॉय-२ चं आहे. पाणबुडीसाठी शोधलेला मिश्रधातू पालघर जिल्ह्यापर्यंत असा पोचला.

पाण्याच्या भट्टीचा नमुना आयडाहोच्या ओसाड माळावर बांधला गेला. ३० मार्च १९५३ ला ती भट्टी सुरू झाली. जूनमध्ये पूर्ण शक्तीवर चाचणी सुरू झाली. ठरल्या वेळेनंतर इंजिनिअर म्हणाले की पुरे, आकडे मिळाले. रिकोव्हर यांनी नकाशा मागवला आणि त्यावर अटलांटिक ओलांडायचा रस्ता आखायला लावला. भट्टी तेवढं अंतर कापल्याइतकी चालेपर्यंत थांबवायची नाही. मधल्या काळात पंपापासून कंडेन्सरपर्यंत अनेक तक्रारी आल्या. ते मागे हटले नाहीत. सुमारे चार दिवसांनी कागदावरची पाणबुडी आयर्लंडला पोचली.

खरी पाणबुडी नॉटिलस २१ जानेवारी १९५४ ला पाण्यात उतरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, धक्क्यावरच चाचणी चालू असताना वाफेचा एक लहान पाइप फुटला. चौकशीत कळलं की तिथे विनाजोड पाइप हवा होता आणि लागला होता जोड असलेला साधा पाइप, जो रेलिंगसाठी वापरतात. दोन्ही दिसायला सारखे. बाकी किती ठिकाणी असे पाइप गेलेत हे खात्रीने सांगता येईना. रिकोव्हर यांनी त्या प्रकारचे सगळे लहान पाइप उपटून नवीन बसवायला लावले. वेळ गेला, पैसे गेले, लोक चिडले. पण तोच पाइप खोल समुद्रात फुटला असता तर चिडायलाही कुणी उरलं नसतं. १७ जानेवारी १९५५ ला नॉटिलस अणुशक्तीवर समुद्रात निघाली आणि ३ ऑगस्ट १९५८ ला बर्फाखालून उत्तर ध्रुव पार करून गेली.

याच काळात रिकोव्हर यांची स्वतःची नोकरी जायची वेळ आली होती. १९५१ आणि १९५२ असं दोनदा नौदलाच्या बढती मंडळाने त्यांना ॲडमिरल करायला नकार दिला. नियमाप्रमाणे आता घरी बसायचं. त्यांच्या तिखट जिभेने दुखावलेले लोक कमी नव्हते. शेवटी वर्तमानपत्रं आणि काँग्रेस मध्ये पडले आणि १९५३ मध्ये बढती झाली.

आता वळूया दुसऱ्या पाणबुडीकडे. तिचं नाव सीवुल्फ. तिच्या पोटात सोडियमची भट्टी होती. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट मिल्टनला तिचा नमुना एका प्रचंड पोलादी गोलात बांधला होता. सीवुल्फ २१ जुलै १९५५ ला पाण्यात उतरली. गळती लगेच कळावी म्हणून हीट एक्स्चेंजरच्या नळ्या दुहेरी भिंतीच्या केल्या होत्या आणि मधल्या जागेत सोडियम-पोटॅशियमचा मिश्रधातू भरला होता, जो साध्या तापमानालाही द्रव असतो. डिझाइन करणाऱ्यांनी विचार केला नव्हता असं अजिबात नाही.

तरीही १९५६ मध्ये धक्क्यावरच्या चाचणीत गळती झाली. वाफ सुपरहीट करणाऱ्या भागात सोडियम-पोटॅशियम वाफेच्या बाजूला शिरलं आणि पाइपांना तडे गेले. वेस्ट मिल्टनच्या नमुन्यातही सुपरहीटरने असाच त्रास दिला. दुरुस्तीतली मोठी अडचण वेगळी होती. पाणी भट्टीतून जाताना जे किरणोत्सर्गी होतं त्याचं अर्धं आयुष्य सात सेकंदांच्या आसपास. भट्टी बंद केली की थोड्याच वेळात तो धोका ओसरतो. सोडियमचं अर्धं आयुष्य पंधरा तास. म्हणजे भट्टी बंद करून काही दिवस नुसतं थांबायचं, मग पाइपापाशी जायचं. तोपर्यंत सोडियम गोठू नये म्हणून तो गरम ठेवायचा. धक्क्यावर हे जमतं. समुद्राखाली, शत्रूच्या भागात, पाइपापाशी जायला आठवडाभर कोण थांबणार? आणि बाहेर चहूकडे पाणीच पाणी, म्हणजे सोडियमचा वैरी.

शेवटी सुपरहीटर बंद करून, कमी शक्तीवर सीवुल्फ चालवायची असं ठरलं. म्हणजे ज्या सुपरहीटेड वाफेसाठी सोडियम आणला होता तीच गेली! ३० मार्च १९५७ ला सीवुल्फ नौदलात दाखल झाली. पण त्याआधीच, १९५६ च्या अखेरीस, रिकोव्हर यांनी सोडियम सोडायचा निर्णय घेतला होता. लक्षात घ्या, ही भट्टीही त्यांच्याच कार्यक्रमातली होती. वर्षं त्यांची गेली होती, पैसे त्यांनीच काँग्रेसकडून मागून आणले होते. आणखी थोडी संधी द्या, पुढच्या वेळी वेल्डिंग सुधारू, असं म्हणणारेही असणारच. रिकोव्हर यांचा हिशोब सरळ होता. सोडियमची भट्टी बांधायला महाग, चालवायला किचकट, छोट्या बिघाडानेही बरेच दिवस बंद पडणारी आणि दुरुस्तीला अवघड. पाणबुडीत ती नको.

गंमत म्हणजे याच सीवुल्फने १९५८ मध्ये सलग ६० दिवस पाण्याखाली राहून दाखवलं. म्हणजे भट्टी चालत नव्हती असं नाही. पण निर्णय बदलला नाही. १९६० मध्ये सीवुल्फ पाण्याची भट्टी घेऊन पुन्हा समुद्रात गेली. काढलेली सोडियमची भट्टी १९५९ मध्ये अटलांटिक महासागरात खोल बुडवून टाकली होती. आजच्या काळात असं करणं कुणालाच मान्य होणार नाही.

रिकोव्हर यांनी घेतला नाही त्या रस्त्यांवर दुसऱ्यांचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ओक रिजलाच हवाई दलासाठी अणुशक्तीवरचं विमान बनवायचा घाट घातला गेला होता. त्यासाठी १९५४ मध्ये वितळलेल्या फ्लोराइड क्षारांची एक छोटी भट्टी काही दिवस चालवली गेली. पाइप इन्कोनेल या निकेल-क्रोमियम मिश्रधातूचे. आपलं स्टेनलेस स्टील टिकतं ते वरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे. वितळलेले फ्लोराइड क्षार नेमका हाच थर विरघळवतात. मग ते मिश्रधातूतून क्रोमियमच शोधून बाहेर ओढतात आणि आत बारीक पोकळ्या राहतात. जे क्रोमियम इतर ठिकाणी रक्षण करतं तेच इथे पहिला बळी! यावर उपाय म्हणून ओक रिजने क्रोमियम सुमारे ७ टक्क्यांवर आणलेला निकेल-मोलिब्डेनमचा नवा मिश्रधातू बनवला, ज्याला आज हॅस्टेलॉय-एन म्हणतात. त्याची भट्टी १९६५ ते १९६९ चांगली चालली. विमान मात्र कधीच उडालं नाही. तो प्रकल्प १९६१ मध्ये बंद झाला.

सोव्हिएत नौदलाने शिसं आणि बिस्मथ यांचा वितळलेला मिश्रधातू निवडला. तो पाण्याशी भांडत नाही. पण तो निकेल अगदी आवडीने विरघळवतो, आणि सुमारे १२५ अंशांखाली गोठतो. पाइपावर ऑक्साइडचा थर टिकावा म्हणून त्यात थोडा ऑक्सिजन ठेवावा लागतो. कमी पडला तर स्टील विरघळतं, जास्त झाला तर शिशाच्या ऑक्साइडची मळी साचते. के-२७ या पाणबुडीत २४ मे १९६८ ला अशीच मळी भट्टीच्या वाटांमध्ये अडकली. इंधनाचा काही भाग थंड होईना आणि ते खराब झालं. किरणोत्सर्गामुळे नऊ खलाशी गेले. इथे गंज हा शब्द फार लहान वाटतो.

पण म्हणून पाण्याच्या भट्टीवाले निर्धास्त होते असं समजू नका. १० एप्रिल १९६३ ला अमेरिकेची थ्रेशर ही अणुपाणबुडी खोल चाचणीत बुडाली आणि १२९ माणसं गेली. समुद्राच्या पाण्याच्या पाइपाचा चांदीच्या डाकाने केलेला एखादा जोड फुटला असावा आणि त्यातून भट्टी बंद पडली असावी, असा चौकशीचा अंदाज होता. पाइपांचे ते जोड रिकोव्हर यांच्या विभागाकडे नव्हते, भट्टी होती. त्यांनी काँग्रेससमोर जोडांच्या तपासणीतल्या ढिसाळपणावर कडक टीका केली. पण भट्टी बंद पडल्यावर पुन्हा लवकर सुरू व्हावी म्हणून त्यांच्या विभागालाही आपली कार्यपद्धती बदलावी लागली. त्याच वर्षी पाणबुड्यांच्या पाइपांपासून वेल्डपर्यंत प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणारा सबसेफ हा कार्यक्रम सुरू झाला.

रिकोव्हर यांच्या इंटरव्ह्यूबद्दल तर एक वेगळा लेख होईल. अणुनौदलात येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत ते स्वतः घ्यायचे. समोरच्या खुर्चीचे पुढचे पाय थोडे कापलेले, म्हणजे उमेदवार सतत घसरत राहणार! उत्तर आवडलं नाही तर विचार करायला झाडू ठेवायच्या खोलीत पाठवायचे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर याच दारातून गेले होते. आपल्या कॅम्पस इंटरव्ह्यूला असं कुणी बसलं तर निम्मी बॅच परत येणार नाही. ही पद्धत योग्य होती असं मी म्हणणार नाही. हाताखालच्या माणसांना त्यांनी पुष्कळ अपमान सहन करायला लावला.

पेनसिल्व्हेनियातल्या शिपिंगपोर्टला १९५७ मध्ये सुरू झालेलं अणुवीज केंद्रही त्यांच्याच देखरेखीखाली बांधलं गेलं. तिथेही दाबाखालचं पाणी. पुढे जगात जी अणुवीज केंद्रं उभी राहिली त्यातली बहुसंख्य याच जातीची आहेत. आपल्या नौदलाच्या अरिहंतमध्येही दाबाखालच्या पाण्याचीच भट्टी आहे.

उतारवय मात्र डाग लागल्याशिवाय गेलं नाही. निवृत्तीचं वय उलटूनही ते मुदतवाढ घेत राहिले. ३१ जानेवारी १९८२ ला, ६३ वर्षांच्या नोकरीनंतर, ८२ वर्षांच्या रिकोव्हर यांना सरकारने जवळजवळ ढकलूनच घरी पाठवलं. १९८५ मध्ये उघड झालं की पाणबुड्या बांधणाऱ्या जनरल डायनॅमिक्स कंपनीकडून त्यांनी वर्षानुवर्षं मिळून सुमारे ६७ हजार डॉलरच्या भेटी घेतल्या होत्या. नौदलाच्या मंत्र्यांनी त्यांना लेखी ठपका दिला. कंत्राटदारांच्या एकेका जोडाचा हिशोब मागणाऱ्या माणसाने हे करावं याचं वाईट वाटतं. ८ जुलै १९८६ ला त्यांचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

मित्रांनो, रिकोव्हर यांनी नाकारला म्हणून सोडियम कायमचा नापास झाला नाही. आपल्याच कल्पाक्कमला १९८५ मध्ये सोडियमवर चालणारी चाचणी भट्टी सुरू झाली. रशियाची बीएन-६०० ही तर १९८० पासून वीज देते आहे. तिथेही सुरुवातीच्या वर्षांत वाफेच्या बाजूला गळत्या झाल्या. पण जमिनीवर हीट एक्स्चेंजरचे भाग वेगवेगळे ठेवता येतात, एक बंद करून बाकीचे चालवता येतात, दुरुस्तीला थांबता येतं. पाणबुडीत यातलं काहीच नसतं. द्रव तोच, पाइपही जवळपास तोच, फक्त शेजारी कोण झोपलंय हे वेगळं. म्हणून रिकोव्हर यांचा निर्णय मला पटतो. त्यांनी सोडियमची बदनामी केली नाही. त्याला खरी पाणबुडी देऊन पूर्ण संधी दिली, पाइपाने जे दाखवलं ते मान्य केलं, आणि स्वतःच उभं केलेलं काम स्वतःच्या हाताने काढून टाकलं.

आपण ड्रॉइंग शीटवर पाइपाची रेघ ओढतो आणि शेजारी एम.एस. किंवा एस.एस. असं लिहून मोकळे होतो. सबमिशनच्या आदल्या रात्री तर मित्राच्या शीटवर जे असेल तेच लिहितो. त्या दोन अक्षरांच्या जागी काय लिहायचं हे ठरवायला एका माणसाला दोन भट्ट्या, दोन पाणबुड्या आणि दहा वर्षं लागली होती.